काढलेला गाळ परत येतो कुठून?

चिपळूणला माझा मामा राहतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्याच्या तळमजल्यात छताला हात पुरेल एवढं पाणी होतं. नंतर वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढा म्हणून चिपळूणकर उपोषणाला बसले. मग पोकलेन उतरले, डंपर लागले, काठाला गाळाचे डोंगर उभे राहिले. मामा रोज संध्याकाळी ते काम बघायला जायचा, लोक मॅच बघायला जातात तसा. पुढे एका गणपतीला मी गेलो, तर आरती होताच मला नदीवर घेऊन गेला आणि खाली बोट दाखवलं.

"काय रे, तू इंजिनेर ना? हे बेट मे महिन्यात माझ्या डोळ्यांदेखत उचललं होतं. परत आलं कुठनं? रात्रीतनं कोण आणून टाकतो काय?"

"वरनं वाहत आलं, मामा."

"ते मलाही कळतं. पण ही जाडी वाळू आहे. पाण्यात तरंगते थोडीच? मग येते कशी?"

मामाने नेमकं दुखण्यावर बोट ठेवलं होतं. पाणी वाळू कशी नेते, हा प्रश्न वाटतो तेवढा बाळबोध नाही. शंभराहून जास्त वर्षं चांगली चांगली डोकी त्यावर झिजली आहेत. त्याचं बरंचसं उत्तर नदीच्या तळाला लागून असलेल्या दोन-चार बोटं पाण्यात दडलेलं आहे. पुलावर उभं राहून ते दिसत नाही, इतकंच.

## तरंगतो तो गाळ वेगळा, चालते ती वाळू वेगळी

पुराचं लाल पाणी काचेच्या ग्लासात घेऊन ठेवा. जाडी वाळू असेल तर ग्लास टेबलावर टेकेपर्यंत तळाला बसते. पाणी मात्र दुसऱ्या दिवशीही गढूळच. सगळा फरक दाण्याच्या आकाराचा आहे. एक मिलिमीटरचा वाळूचा दाणा स्थिर पाण्यात मीटरभर खाली जायला सात-आठ सेकंद घेतो. त्याच्या पाचव्या भागाएवढी बारीक वाळू पाऊण मिनिट घेते. पोयट्याच्या कणाला, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाला, पाऊण तास लागतो. चिकणमातीच्या सगळ्यात जाड्या कणांनाही तीन-तीन दिवस, बारीक कणांना त्याहून जास्त. कोकणातल्या नदीचं पाणी तोवर समुद्रात पोचलेलंही असतं.

म्हणजे आपण ज्याकडे बघून "केवढा गाळ येतोय" म्हणतो, तो लाल रंग बहुतेक पाहुणाच असतो. डोंगराने जेवढी माती दिली तेवढी आली आणि निघून गेली. बेट बनतं ते वाळूचं आणि गोट्यांचं, आणि ते येतात तळाशी तळाशी, आपल्या नजरेआड.

हे ज्ञान आपल्या घरात फार जुनं आहे. तांदूळ रोळताना आई भांडं गोल फिरवून, तिरकं करून पाणी आणि तांदूळ अलगद पुढे सोडते आणि खडे मागे तळाला राहतात. सराफ कट्ट्यावरची धूळ आणि गटारातला गाळ धुऊन सोन्याचा कण शोधणारे झारेकरी हेच करतात. जड ते मागे, हलकं ते पुढे. नदीही रोळतच असते, फक्त तिची पाटी काही किलोमीटर लांब असते.

शाळेत आपण नदीचं खनन, वहन आणि संचयन घोकलं. त्यातल्या वहनाच्या तीन चाली आहेत. गोटा घरंगळतो. वाळूचा दाणा छोट्या छोट्या उड्या मारतो, स्वतःच्या उंचीच्या काही पट उंच. बारीक कण तरंगत जातो. पहिल्या दोन चालींना मिळून तळभार म्हणतात. तळाला टेकत टेकत जाणारा भार. कोणता दाणा कोणती चाल धरणार, हे कायमचं ठरलेलं नसतं. दाण्याचा खाली पडायचा वेग आणि पाण्यातल्या वर उसळणाऱ्या झोतांचा वेग यांच्यात जो जिंकेल त्यावर ते ठरतं. जून महिन्यात घरंगळणारी वाळू जुलैच्या पुरात तरंगायलाही लागते.

## तळाशी पाणी जवळजवळ उभंच असतं

पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवून वरच्या पत्त्यावर तळवा सरकवा. सगळ्यात वरचा पत्ता हाताबरोबर जातो, त्याखालचे कमी कमी, आणि टेबलाला टेकलेला पत्ता जागचा हलत नाही. पाण्याचंही तसंच. तळाला चिकटलेल्या पाण्याचा वेग शून्य असतो. तिथून वर जाताना वेग आधी झपाट्याने वाढतो, मग हळूहळू. पुलावरून पाहिलेला ओंडका ज्या वेगाने जातो, त्या वेगाची वाळूला गंधवार्ताही नसते.

मग वाळू हलते कशी? कॅटचं उदाहरण इथे अपुरं पडतं. पत्ते शहाण्यासारखे एकावर एक सरकतात, नदीतलं पाणी तसं वागत नाही. उदबत्तीचा धूर पाहा. सुरुवातीची वीतभर तो सरळ रेषेत वर जातो, आणि मग अचानक मोडतो, गिरक्या घेतो, फाटतो. मॅंचेस्टरच्या ऑसबर्न रेनॉल्ड्सने १८८३ साली काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची धार सोडून हाच बदल पाहिला होता. वेग किंवा नळीची जाडी वाढली, की शिस्तीतलं पाणी बेशिस्त होतं. या बेशिस्त प्रवाहाला प्रक्षुब्ध प्रवाह म्हणतात. कंबरभर खोल आणि चालत्या माणसाच्या वेगाने जाणारी साधी नदीसुद्धा ही मर्यादा शेकडो पटींनी ओलांडून बसलेली असते. तेव्हा नदी "संथ वाहते" हे गाण्यात ठीक आहे.

अशा प्रवाहात पाण्याचे गोळेच्या गोळे वर-खाली होत असतात. स्टॅनफर्डमध्ये १९६७ च्या सुमारास स्टीफन क्लाइन आणि सहकाऱ्यांनी पाण्यात हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सोडून तळाजवळ काय चालतं ते डोळ्यांनी पाहिलं. तळाशी मंद पाण्याचे लांबट पट्टे साचतात, थोडा वेळ शांत असतात, मग एखादा पट्टा एकदम तळ सोडून वर उसळतो. त्याने केलेली रिकामी जागा भरायला वरचं वेगवान पाणी खाली झेपावतं. पहिल्या प्रकाराला आपण उसळी म्हणू, दुसऱ्याला झडप. पुढच्या सगळ्या गोष्टीची पात्रं हीच दोघं. तळभार हलतो तो बहुतेक झडपेमुळे. आणि सुटलेली बारीक वाळू वर उचलली जाते ती उसळीमुळे.

## पन्नास ग्रॅमचं कोडं

वाळू हलायला पाण्याचा किती जोर लागतो, हे आल्बर्ट शील्ड्स नावाच्या अमेरिकन तरुणाने १९३६ साली बर्लिनच्या प्रयोगशाळेत पद्धतशीर शोधलं. पाणी तळाला पुढच्या दिशेने जे ओढतं, त्या जोराला पुस्तकात कर्तन प्रतिबल म्हणतात. आपण नुसतं ओढ म्हणू. शील्ड्सने ओढ आणि दाण्याचं पाण्यातलं वजन यांचं गुणोत्तर काढलं. ते एका मर्यादेपलीकडे गेलं की दाणे चालू लागतात. आजही जगभरचे नदी अभियंते ही मर्यादा वापरतात. खुद्द शील्ड्सला मात्र अमेरिकेत परतल्यावर या विषयात काम मिळालं नाही. तो पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या यंत्रांच्या धंद्यात गेला आणि आपलं नाव पाठ्यपुस्तकांत पोचलंय, हे त्याला फार उशिरापर्यंत ठाऊक नव्हतं.

त्याच्या मर्यादेने हिशेब करू. एक मिलिमीटरच्या वाळूसाठी लागणारी ओढ येते दर चौरस मीटरला साधारण ५० ग्रॅम वजनाइतकी. मीटर बाय मीटरच्या वाळूच्या चादरीला फक्त ५० ग्रॅमच्या जोराने आडवं ओढायचं. त्या चादरीत वरच्या थरात ढोबळमानाने दहा लाख दाणे असतात. म्हणजे एका दाण्याच्या वाट्याला आलेला जोर त्याच्या पाण्यातल्या वजनाच्या जेमतेम पंधराव्या भागाएवढा. आणि दाणा तर शेजाऱ्यांच्या बेचक्यात रुतून बसलेला. पंधराव्या भागाने तो बाहेर पडतोच कसा?

याचं उत्तर "दाण्याच्या वाट्याला" या शब्दांत आहे. वाटा सारखा नसतो. चार दाणे डोकं वर काढून बसलेले असतात, ते सगळा मार खातात; बाकीचे त्यांच्या आडोशाला निवांत. शिवाय दाण्यावरून वेगाने जाणारं पाणी त्याला वरही उचलत असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ५० ग्रॅम ही सरासरी आहे. झडप येते तेव्हा त्या टिचभर जागेवर जोर सरासरीच्या कितीतरी पट होतो आणि पुढच्या क्षणी विरतो. पंधरा-वीस घरांच्या चाळीत सरासरी आवाज कमीच असतो, पण झोपमोड करायला एक फटाका पुरतो.

कॉलेजात असताना आमच्या हायड्रॉलिक्सच्या लॅबमध्ये काचेच्या भिंतीची एक लांब पन्हळ होती. सरांनी तळाला वाळू पसरली, पाणी अगदी कमी सोडलं आणि म्हणाले, एक दाणा निवडा आणि त्याच्याकडेच बघत राहा. मी एक काळसर, कोपरे असलेला दाणा निवडला. बराच वेळ काही नाही. मग तो जागच्या जागी डुलला. दाढ हलते तसा. परत बसला. परत डुलला, या खेपेला जरा जास्त. आजूबाजूचे सगळे गप्प. आणि मग काही कारण दिसत नसताना तो शेजाऱ्याच्या खांद्यावरून पलीकडे गेला, तीन-चार टुणक्या मारल्या आणि वीतभर लांब एका खळग्यात जाऊन बसला. नंतरचा अर्धा तास मी त्याच्याकडे बघत होतो. ढिम्म हलला नाही. नळ तोच, पाणी तेवढंच.

तो आधी दोनदा डुलून परत का बसला, याचं चांगलं उत्तर २००८ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकच्या पॅनायोटिस डिप्लास यांच्या गटाने दिलं. झटका किती मोठा, एवढंच पुरत नाही. तो किती वेळ टिकला हेही तितकंच महत्त्वाचं. डबल स्टँडवरची जुनी स्कूटर आठवा. नुसता हिसका दिला तर ती पुढे झुकते आणि परत मागे बसते. जोर तेवढाच ठेवून क्षणभर जास्त रेटलं की स्टँडवरून उतरते. दाण्यालाही शेजाऱ्याच्या माथ्यावर चढेपर्यंत कोणीतरी रेटत राहावं लागतं. मोठी पण क्षणार्धात विरणारी झडप फुकट जाते, मध्यम पण दमदार झडप काम करून जाते.

## सगळ्यात बारीक ते सगळ्यात आधी हलतं का?

नाही. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. स्वीडनमधल्या उप्सालाच्या फिलिप युलस्ट्रॉमने १९३५ मध्ये मांडलेला आलेख भूगोलाच्या विद्यार्थ्यांना ओळखीचा असेल. सगळ्यात सहज हलते ती मध्यम-बारीक वाळू. गोटे जड म्हणून अवघड, आणि चिकणमाती चिकट म्हणून अवघड. परातीत सांडलेला रवा नळाच्या धारेने लगेच जातो. वाळलेली कणीक मात्र रव्याच्या कणापेक्षा कितीतरी बारीक पिठाची असूनही नखाने खरवडावी लागते. त्यात बारीक कण पाण्याच्या चिकटपणामुळे तळालगत तयार होणाऱ्या, कागदाच्या दोन पानांएवढ्या संथ थरात लपून बसतात. झडपा तिथवर पोचेपर्यंत मवाळ झालेल्या असतात.

पण एकदा सुटली की चिकणमाती थेट खाडी-समुद्र गाठते, आणि वाळू पुढच्या वळणावर बसते. खाडीकाठच्या खाजणात चिखल आणि नदीत वाळू, ही वाटणी अशी होते.

## सगळा कारभार पुराच्या चार दिवसांत

ओढ किती, याचा हिशेब गंमतशीर सोपा आहे. तळाच्या एका चौरस मीटरवर उभ्या असलेल्या पाण्याचं वजन घ्या आणि उताराने गुणा. दोन मीटर खोल पाणी म्हणजे दोन हजार किलो. उतार हजारात एक असेल तर ओढ दोन किलो. वाळूला ५० ग्रॅम पुरतात, म्हणजे ती केव्हाच निघालेली असते. दोन सेंटीमीटरच्या गोट्यांना मात्र दर चौरस मीटरला सुमारे दीड किलो लागतात. अशा नदीत मीटरभर पाणी महिनाभर वाहिलं तरी गोटे जागेवर. दोन मीटरला ते हलू लागतात. आणि चार मीटरला?

इथे इन्कम टॅक्स आठवावा. कर साऱ्या उत्पन्नावर लागत नाही, मर्यादेच्या वरच्या रकमेवर लागतो. नदीही मर्यादेवरच्या ओढीचाच हिशेब करते. दोन मीटरला ही वरकड अर्धा किलो होती, चार मीटरला अडीच किलो, म्हणजे पाचपट. आणि झुरिकच्या मायर-पीटर आणि म्युलर यांनी १९४८ मध्ये दिलेल्या, आजही चालणाऱ्या सूत्रात तळभार या वरकडीच्या दीडाव्या घाताने वाढतो. पाचाचा दीडावा घात, म्हणजे पाच गुणिले पाचाचं वर्गमूळ, साधारण अकरा. खोली दुप्पट, गोटे अकरापट.

वर्षभराचं वहन पुराच्या मोजक्या दिवसांत उरकतं ते यामुळे. मामाचं बेट रोज थोडं थोडं आलं नाही. ते बहुधा दोन-तीन रात्रींत आलं. "रात्रीतनं कोण आणून टाकतो" हा त्याचा संशय अगदीच खोटा नव्हता.

## चहाची पूड आणि आइन्स्टाइन बापलेक

पण तिथेच का आलं? न गाळलेला चहा पेल्यात ढवळा आणि चमचा काढून घ्या. गोल फिरणारी पूड कडेला फेकली जाईल असं वाटतं, ती मात्र तळाच्या मध्यभागी गोळा होते. १९२६ मध्ये आल्बर्ट आइन्स्टाइनने एक छोटा लेख लिहिला, नद्या वळणं का घेतात यावर, आणि त्यात या चहाच्या पुडीचा खुलासा केला. फिरणारं पाणी बाहेर जाऊ पाहतं, म्हणून कडेला पाणी जरा चढतं आणि तिथला दाब वाढतो. वरच्या वेगवान पाण्याची बाहेरची ओढाताण आणि हा आत ढकलणारा दाब यांचं जमतं. तळाचं पाणी मात्र घर्षणाने मंदावलेलं. त्याच्यात बाहेर जायचा जोर नाही, दाब आतच ढकलतो. मग ते तळातळाने आत येतं आणि पूड घेऊन येतं.

नदीच्या वळणावर हेच होतं. पृष्ठभागाचं पाणी बाहेरच्या काठावर आदळतं, तिथे डोह पडतो, काठ ढासळतो. तळाचं पाणी वाळू घेऊन आतल्या काठाकडे वळतं आणि तिथे टाकतं. वरचं पाणी एका दिशेला, पायाखालचं दुसऱ्या. मामाचं बेट वळणाच्या आतल्या अंगालाच होतं. ते उचलून नेलं तरी त्याला तिथे आणून ठेवणारं वळण कोणी उचललेलं नाही.

आइन्स्टाइनचा मुलगा हान्स आल्बर्ट पुढे याच विषयाचा झाला. झुरिकमध्ये शिकून तो नंतर बर्कलीला प्राध्यापक होता. ज्या काळात सगळे "या वेगाला इतकी वाळू" असं पक्कं समीकरण शोधत होते, त्या काळात त्याने १९३० च्या दशकात म्हटलं की हा संभाव्यतेचा खेळ आहे. दाणा बहुतेक वेळ बसलेला असतो. कधी उठेल सांगता येत नाही, फक्त उठायची शक्यता सांगता येते. उठला की सरासरी स्वतःच्या व्यासाच्या शंभरेक पट जातो, परत बसतो. मिलिमीटरचा दाणा म्हणजे साधारण दहा सेंटीमीटर. माझ्या काळसर दाण्याने केलं ते अगदी याच माळेतलं होतं.

## "मग एकदाच खोल खणून टाका की!"

मामाचा पुढचा प्रश्न हाच होता, आणि दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांतून हीच मागणी असते. खड्डा खणला की त्या जागी पात्र खोल आणि रुंद होतं, पाण्याचा वेग पडतो, झडपांचा जोर पडतो, आणि वरून आलेला तळभार खड्ड्यात उतरतो. नदीत खणलेला खड्डा म्हणजे वाळूसाठी पसरलेलं ताट. चिपळूणला त्यात भरतीची भर. गोवळकोटच्या धक्क्याकडून खाडीचं पाणी वर चढतं तेव्हा नदीच्या पाण्याचा उतारच कमी होतो, आणि ओढीच्या गुणाकारात उतार आहे हे मघाशी पाहिलं. डोंगरावरून तावातावाने आलेली नदी नेमकी शहराशी येऊन ओझं खाली ठेवते.

खड्ड्याचे उद्योग एवढ्यावर थांबत नाहीत. त्याच्या वरच्या कडेला पाणी पायरी उतरल्यासारखं पडतं आणि कड खात खात उगमाकडे सरकतं. खालच्या अंगाला वाळू खड्ड्यात ठेवून मोकळं झालेलं पाणी जातं. अभियंते त्याला भुकेलं पाणी म्हणतात. ते खालचा तळ आणि काठ खातं. धरणाखाली हेच मोठ्या प्रमाणावर दिसतं. काही वर्षांत बारीक वाळू वाहून जाते आणि तळावर गोट्यांचा फरसबंदीसारखा थर उरतो. तो थर खालच्या वाळूचं चिलखत असतो. वाळू हवी म्हणून कोणी तो फोडला, की पुढच्या पुरात खालचं सगळं उघडं पडतं.

मग गाळ काढू नये का? माझं मत असं की शहराजवळचा काढावाच लागेल, पण दाढी करतो तसा. एकदाची कटकट मिटली म्हणून नव्हे. वाळूचे लिलाव करताना पात्रात किती ब्रास पडली आहे एवढंच मोजून भागत नाही. वर्षाला वरून किती येते, हा खरा हिशेब. शिल्लक आणि उत्पन्न यांत घोटाळा करणारा माणूस घरखर्चातही बुडतो. आणि डोंगरात रस्त्यासाठी कापलेली दरड, नदीत ढकललेली माती मोकळीच राहिली, तर खालचे डंपर किती पुरे पडणार?

## पुराने खोदलं, पुरानेच बुजवलं

झडप-उसळीचं सगळ्यात धोक्याचं रूप पुलाच्या खांबाशी दिसतं. खांबावर आदळलेलं पाणी खाली वळतं, तळावर आपटतं आणि खांबाच्या पायाला घोड्याच्या नालेसारखा भोवरा घालतं. हा भोवरा वाळू उकरत राहतो. नुसती वाळूच नव्हे. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात निघोजला कुकडीच्या पात्रात जाऊन बघा, भोवऱ्यात सापडलेल्या गोट्यांनी काळ्या बसाल्टात माणूस उतरेल असे रांजणखळगे कोरले आहेत.

खांबाच्या खड्ड्याची मेख अशी, की पूर ओसरताना मंदावलेलं पाणी तोच खड्डा मोकळ्या वाळूने भरून टाकतं. पाणी उतरल्यावर पाहणी करणाऱ्याला तळ सपाट दिसतो, सगळं ठीक असा शेरा पडतो, आणि पायाखाली मात्र भुसभुशीत भर असते. न्यूयॉर्क राज्यातला स्कोहारी क्रीकवरचा पूल ५ एप्रिल १९८७ ला पुरात कोसळला आणि दहा जण गेले. खांबाच्या पायाखालची जमीन उकरली गेली होती. त्या अपघातानंतर अमेरिकेत पुलांचे पाण्याखालचे पाये तपासण्याकडे नव्याने लक्ष गेलं. आपल्याकडे पुलाची चर्चा अजून बहुतेक वेळा कठड्याच्या वरच होते.

## एवढे कॉम्प्युटर आहेत, गणित करून का सांगत नाहीत?

करतात. पण झडपेपासून सुरुवात करायची, तर मिलिमीटरपेक्षा लहान भोवऱ्यांपासून नदीएवढ्या भोवऱ्यांपर्यंत सगळे मांडावे लागतात, आणि त्यात प्रत्येक दाणा, त्याचे कोपरे, त्याचे शेजारी. आजचे मोठे संगणक टेबलाएवढ्या पन्हळीतल्या दाण्यांचं असं गणित करू शकतात, पण अख्खी नदी त्यांच्याही आवाक्यात नाही. म्हणून व्यवहारात सूत्रं वापरतात, आणि सूत्राचं उत्तर प्रत्यक्षाच्या दुप्पट किंवा निम्मं आलं तरी अभियंता खूश असतो. हे ऐकून लोकांना धक्का बसतो. मला उलट वाटतं, डुलणाऱ्या दाण्यांच्या बेभरवशाच्या वागण्यातून एवढं जरी हाती लागलं तरी ती कमाई आहे.

दुसरा मार्ग नदीची छोटी प्रतिकृती बांधण्याचा. पुण्याजवळ खडकवासल्याचं, १९१६ साली सुरू झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र हे काम करतं. मैदानात काँक्रीटच्या नद्या, पावलाएवढी धरणं, बोटाएवढे खांब. पण वाळू लहान करता येत नाही. नदी पन्नास पटींनी लहान केली तर एक मिलिमीटरची वाळूही पन्नासाव्या भागाची करायला हवी, आणि तो झाला पोयटा! तो वाळूसारखा वागत नाही, मग प्रतिकृती खोटं बोलते. यावर जगभरच्या प्रयोगशाळांनी काढलेली युक्ती म्हणजे दाणा फार बारीक न करता हलका करायचा: कोळशाची भुकटी, लाकडाचा भुसा, अक्रोडाच्या टरफलांचा चुरा.

तिसरा मार्ग सगळ्यात जुना. गोटे रंगवायचे, नदीत ठेवायचे आणि पावसाळ्यानंतर शोधायचे. आता संशोधक गोट्याला भोक पाडून आत चिप बसवतात, म्हणजे तो वाळूत गाडला गेला तरी यंत्राला सापडतो. हे मी मामाला सांगितलं आणि विसरलो. त्याने मात्र मनावर घेतलं. घराच्या ग्रिलला दिलेला निळा ऑइलपेंट उरला होता, त्याने मुठीएवढे वीस गोटे रंगवले, मे महिन्यात घरामागच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, एका ओळीत मांडले आणि काठावरच्या आंब्याला खूण केली.

दिवाळीत गेलो तेव्हा पऱ्या घोटाभर उरला होता. आम्ही दोघं पँटी दुमडून उतरलो. तीन गोटे मांडले तिथेच होते, रंगही न खरवडलेले. एक सापडला बरंच खाली, मोठ्या कातळाच्या आडोशाला, त्याच्या एका अंगाचा निळा पार घासून गेलेला. तो ओळीत नेमका जागेवर राहिलेल्या दोघांच्या मधला होता. मामा तो हातात घेऊन बराच वेळ कधी ह्या गोट्याकडे, कधी वरच्या तिघांकडे बघत राहिला.

"आणि बाकीचे सोळा?" मी विचारलं.

"गेले," तो म्हणाला. "कुठल्यातरी बेटात असतील."